जुन्या गाडीचा अल्टरनेटर खरंच गेलाय का? बदलण्याआधी काय काय मोजायचं?

वाटसरू

नमस्कार मंडळी. जुनी घेतलेली पेट्रोल गाडी आहे. बॅटरी १२ व्होल्ट, ४५ अँपिअर-तास. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून बॅटरी भरणारं जनित्र, त्याच्या पट्टीवर ९० अँपिअर लिहिलंय. लक्षणं अशी: गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करतो. रात्री हेडलाइट आणि ब्लोअर चालू असताना डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा अगदी मंद पेटतो, अंधारात निरखून पाहिलं तरच दिसेल इतका. रेस दिली की थोडा कमी होतो, पण पूर्ण विझत नाही. आधीच्या मालकाने विकताना बॅटरी नवी टाकली आहे. गॅरेजमध्ये बोनेट उघडून सरळ 'अल्टरनेटर बदला' म्हणाले, मोजलं काहीच नाही. माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे. कुठल्या क्रमाने काय तपासू?

तांब्याची तार

मोजल्याशिवाय अल्टरनेटर काढू नका. 'चार्जिंग होत नाही' या एकाच तक्रारीमागे बॅटरी, पट्टा, मधली जाड वायर, तिच्यावरचा फ्यूज, इंजिनाचा अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी परतीची जोडणी), दिव्याची वायर यांपैकी कुणीही असू शकतं, आणि या सगळ्यांना वगळल्यावर अल्टरनेटरचा नंबर लागतो. अर्थ खराब असेल तर नवा कोरा अल्टरनेटरही तसाच वागेल आणि मग तोच खराब निघाला असं वाटेल.

सुरुवात बॅटरीपासून करा, कारण अर्धमेल्या बॅटरीवर घेतलेलं पुढचं प्रत्येक माप फसवं येतं. गाडी नुकतीच चालवली असेल तर बॅटरीच्या पत्र्यांवर वरवरचा चार्ज असतो, मीटर उगाच जास्त दाखवतो. म्हणून गाडी काही तास उभी ठेवा, किंवा इंजिन बंद ठेवून हेडलाइट दोन मिनिटं लावा, मग बंद करून पाचेक मिनिटांनी मोजा. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. १२.४ च्या खाली असेल तर आधी बाहेरच्या चार्जरने भरून घ्या. ४५ अँपिअर-तासाच्या बॅटरीला ४ ते ५ अँपिअरने सावकाश भरणं योग्य. वरची बुचं उघडता येणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरही लावा: भरलेल्या घराची, म्हणजे सेलमधल्या आम्लाची, घनता १.२६५ ते १.२८० असते. सहा घरांपैकी एखादं बाकीच्यांपेक्षा ०.०५० किंवा त्याहून खाली असेल तर ते घर गेलं, मग अल्टरनेटरला दोष देण्यात अर्थ नाही.

मग सेल्फ मारताना मीटरवर लक्ष ठेवा. ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय. हे माप थेट शिशाच्या खांबांवर घ्यायचं, वायरीच्या टर्मिनलवर नाही. खांब आणि टर्मिनल यांच्यामध्येच पांढरा थर साचलेला असतो.

बॅटरी ठीक ठरली की इंजिन चालू करा आणि सगळे दिवे, एसी, ब्लोअर बंद ठेवून मोजा. १३.८ ते १४.७ च्या दरम्यान काहीतरी दिसलं पाहिजे. नंतर हेडलाइट हायबीमवर, ब्लोअर पूर्ण, मागच्या काचेचा हीटर चालू करून इंजिन २००० आरपीएमवर धरा. १३.५ च्या आसपास किंवा वर राहिलं तर अल्टरनेटर ओझं उचलतोय. १३ च्या खाली गेलं तर पुढे शोध घ्यायचा. १५ च्या वर जात असेल तर दुखणं उलटं आहे: अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर अडकलाय किंवा त्याची व्होल्टेज वाचणारी सेन्स वायर तुटली आहे. बल्ब लवकर उडणं, बॅटरीतलं पाणी आटणं, सडक्या अंड्यासारखा वास ही त्याची खूण. तशी गाडी चालवू नका.

पाना_तेरा

वरच्यात एक भर. मीटर हातात घेण्याआधी पट्टा बघा. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर किंवा हेडलाइट लावल्यावर चीं आवाज येतो का? रिब असलेला पट्टा हल्ली ईपीडीएम रबराचा असतो. त्याला पूर्वीसारख्या भेगा पडत नाहीत, तो झिजतो. रिबांमधली खाच खोल होत जाते आणि पट्टा पुलीच्या तळाला टेकून घसरतो. वरून दिसायला मात्र ठणठणीत. म्हणून भेगा नाहीत एवढ्यावर पट्टा पास करायचा नाही.

पट्ट्यावरचा नंबरही वाचा. ६पीके१७५० म्हणजे सहा रिबा आणि १७५० मिलिमीटर लांबी. जुन्या गाड्यांत कुणीतरी 'जवळपासचा' पट्टा चढवलेला असतो, मग पट्टा ताणून धरणारा टेन्शनर त्याच्या पल्ल्याच्या टोकाला जाऊन बसतो आणि ताण राहत नाही. टेन्शनरच्या अंगावर बहुतेक वेळा पल्ल्याच्या खुणा असतात. दर्शक त्या दोन खुणांच्या आत हवा.

पट्ट्यावर तेल किंवा कूलंट दिसलं तर ते कुठून येतंय ते आधी बंद करा. व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून झिरपणारं तेल खाली अल्टरनेटरवर पडत असेल तर ते आत जाऊन कार्बनला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणाऱ्या ब्रशांना, चिकटतं. जुन्या गाडीत अल्टरनेटर का गेला याचं उत्तर पुष्कळदा त्याच्या वरच्या अंगाला सापडतं.

आणि सुरक्षितता: बाह्या वर, गळ्यातली साखळी आणि अंगठी काढलेली. इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक फिरू शकतो. अल्टरनेटरच्या जाड वायरीचा खिळा, म्हणजे बी-प्लस, चावी काढलेली असतानाही जिवंत असतो. बॅटरीची निगेटिव्ह सोडवल्याशिवाय तिथे पाना लावायचा नाही. पाना इंजिनाला टेकला तर थेट शॉर्ट होतो.

घाटवळण

चालू गाडीत बॅटरीची वायर काढायची आणि इंजिन बंद पडलं तर अल्टरनेटर खराब, ही पूर्वीची पद्धत चालेल ना? मीटर पण लागत नाही.

तांब्याची तार

नाही, कृपा करून हे कुणीच करू नका. अल्टरनेटर ४०-५० अँपिअर देत असताना बॅटरी अचानक तोडली तर रोटरमधलं, म्हणजे आतल्या फिरत्या वेटोळ्यातलं, चुंबकत्व लगेच ओसरत नाही. तेवढ्या वेळात निघालेल्या करंटला जायला जागा उरत नाही आणि व्होल्टेज कित्येक दहा व्होल्टांवर उसळतं. ते सगळं ईसीयू (इंजिनाचा संगणक), ब्रेकचं एबीएस, एअरबॅग, मीटर क्लस्टर यांच्यावर जाऊन पडतं. खुद्द अल्टरनेटरचे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) आणि रेग्युलेटरही त्यात जाऊ शकतात.

शिवाय त्यातून निदानही होत नाही. एक डायोड उडालेला अल्टरनेटर आयडलला इंजिन आरामात चालू ठेवतो, आणि चांगला अल्टरनेटर बॅटरी काढल्यावर डगमगून बंद पडू शकतो.

सौदामिनी

वाटसरू, तुमच्या दोन लक्षणांची जोडी महत्त्वाची आहे. मंद पेटणारा दिवा आणि उभ्या गाडीत उतरणारी बॅटरी, ही दोन्ही एकाच ठिकाणाहून येऊ शकतात: डायोडची पट्टी.

आधी दिव्याचं काम समजून घ्या. चावी 'ऑन' केल्यावर करंट दिव्यातून अल्टरनेटरच्या 'डी-प्लस' किंवा 'एल' टोकाकडे जातो, तिथून रेग्युलेटर आणि रोटरमधून अर्थला. म्हणून दिवा लागतो. याच थोड्याशा करंटने रोटरला पहिलं चुंबकत्व मिळतं. इंजिन फिरू लागलं की डी-प्लसवर अल्टरनेटर स्वतःचं व्होल्टेज तयार करतो, दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज होतं आणि दिवा विझतो. दिवा मंद पेटतोय म्हणजे दोन टोकांत फरक उरलाय. एक तर डायोडमध्ये बिघाड आहे, नाहीतर इग्निशनकडून दिव्याला येणाऱ्या वाटेत कुठेतरी व्होल्टेज पडतंय.

म्हणून पहिली तपासणी फुकटची: चावी ऑन, इंजिन बंद. दिवा ठळक लागलाच पाहिजे. लागत नसेल तर बल्ब उडालाय, वायर तुटलीय किंवा कार्बन रोटरला टेकत नाहीत. जुनी गाडी विकत घेताना हे आवर्जून बघा, कारण सतत पेटणारा दिवा लपवायला काही जण बल्बच काढून टाकतात. बल्ब नसलेली गाडी चालू केल्यावर बऱ्याचदा लगेच चार्ज करत नाही. रेस दिल्यावर उरलेल्या चुंबकत्वावर अचानक चार्जिंग सुरू होतं.

आता रिपल. अल्टरनेटर आतून एसी वीज तयार करतो, डायोड तिची डीसी करतात. एखादा डायोड गेला की डीसीवर एसीची लहर उरते. इंजिन चालू, थोडं ओझं, मीटर एसी व्होल्टवर, आणि टोकं बी-प्लस खिळा व अल्टरनेटरच्या अंगावर. बॅटरीवर मोजलं तरी चालतं, पण बॅटरी ती लहर बरीच गिळते. ०.१ व्होल्टच्या खाली म्हणजे ठीक. ०.३ च्या वर शंका घ्यावी, ०.५ च्या वर डायोड गेला असं धरायला हरकत नाही.

इथे स्वस्त मीटर फसवतात. काही मीटर एसीच्या मापात डीसी अडवतच नाहीत. तुमचा मीटर तसा आहे का ते असं ओळखा: इंजिन बंद, मीटर एसीवर, बॅटरीवर टोकं लावा, मग टोकं अदलाबदल करून पुन्हा. दोन्ही वेळा शून्याच्या जवळ हवं. एका बाजूने वीस-पंचवीस व्होल्ट दाखवले तर त्या मीटरचं रिपलचं माप मानू नका.

तांब्याची तार

ताईंनी सांगितलेल्या रिपलच्या जोडीला वायरीतली घट मोजायला विसरू नका. माझ्या मते या सगळ्या निदानातली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी केली जाणारी चाचणी हीच.

इंजिन २००० आरपीएम, सगळं ओझं चालू. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बी-प्लस खिळ्यावर, दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर. मीटर जे दाखवेल तेवढं व्होल्टेज त्या वायरीत वाया जातंय. ०.२ पर्यंत उत्तम, ०.३ पर्यंत चालेल, त्यावर असेल तर थिंबल (वायरीच्या टोकाची कडी), फ्यूजची जोडणी, गंजलेली वायर तपासा. नंतर एक टोक अल्टरनेटरच्या अंगावर, रंग नसलेल्या जागी, आणि दुसरं निगेटिव्ह खांबावर. इथे ०.१ ते ०.२ च्या आत हवं.

ओझं चालू असतानाच मोजायचं. करंट वाहत नसेल तर सडलेली वायरही शून्य घट दाखवते. याच कारणाने मीटर ओहमवर लावून जाड वायर तपासणं निरर्थक आहे. शंभरातली एक तार शिल्लक असली तरी मीटर ती वायर चांगलीच म्हणेल.

बी-प्लस खिळ्यावर इंजिन बंद असताना बॅटरीइतकंच व्होल्टेज दिसलं पाहिजे. तिथे शून्य असेल तर मधला मोठा फ्यूज, साधारण ८० ते १४० अँपिअरचा, उडालाय. कुणीतरी जंप केबल उलटी लावली की पहिला बळी बहुतेक तोच.

घाटवळण

बॅटरी काढायची चाचणी बाद, समजलं. एक वेगळी शंका. अलीकडच्या मॉडेलच्या गाडीत इंजिन चालू असताना कधी १२.७, कधी १४.९ दिसतं. तोही अल्टरनेटर खराब का?

सौदामिनी

बहुधा नाही. त्या गाडीत निगेटिव्ह खांबावर एक छोटा सेन्सर आहे का बघा. असेल तर ईसीयू अल्टरनेटरला हुकूम देतो: बॅटरी भरलेली असेल आणि तुम्ही वेग वाढवत असाल तर चार्जिंग कमी, उतारावर किंवा ब्रेक लावताना चार्जिंग जास्त. इंधन वाचवण्यासाठी हे केलेलं असतं. अशा गाडीवर १३.८ ते १४.७ चा नियम सरळ लावता येत नाही.

हेडलाइट, ब्लोअर, मागचा हीटर एकदम लावा. बऱ्याच गाड्यांत तेवढ्याने ईसीयू व्होल्टेज वर आणतो. नाहीच आलं तर स्कॅनर लावून अल्टरनेटरला दिलेला हुकूम आणि प्रत्यक्ष व्होल्टेज शेजारी ठेवून वाचा. हुकूम १४.५ चा आणि प्रत्यक्ष १२.४ असेल तर अल्टरनेटर किंवा वायर. हुकूमच १२.६ चा असेल तर अल्टरनेटर आज्ञा पाळतोय, बिघाड सेन्सरकडे किंवा आणखी कुठेतरी शोधा. स्कॅनरवर दिसणाऱ्या बिघाडाच्या कोडपैकी पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, पी०५६३ म्हणजे जास्त, पी०६२० ते पी०६२२ हे अल्टरनेटरच्या नियंत्रण वायरींचे. पी०५६२ वाचून अल्टरनेटर बदलू नका. तो कोड लक्षण सांगतो, कारण सांगत नाही.

या गाड्यांत बाहेरचा चार्जर किंवा जंप केबल लावताना निगेटिव्ह चिमटा बॉडीवर लावायचा, सेन्सरच्या पुढे. खांबावर लावला तर सेन्सरला तो चार्ज मोजताच येत नाही.

वाटसरू

सगळी मापं घेतली. मीटर ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी तपासला, दोन्ही बाजूंनी शून्य दाखवतो. बॅटरी चार्जरने भरून, रात्रभर ठेवून १२.६८. सेल्फ मारताना १०.४. पट्टा ठीक, टेन्शनर खुणांच्या आत. चावी ऑन केल्यावर दिवा ठळक लागतो.

इंजिन चालू, ओझं नाही: १३.६. पूर्ण ओझं, २००० आरपीएम: बॅटरीवर १२.७०, बी-प्लस ते अल्टरनेटरचं अंग १३.१५. पॉझिटिव्ह बाजूची घट ०.१२, अर्थ बाजूची ०.३३. रिपल बी-प्लसवर ०.६२.

इतर: रेडिओवर एएम लावलं की रेसबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते.

तांब्याची तार

मापं एकमेकांशी जुळताहेत: १२.७० + ०.१२ + ०.३३ = १३.१५. बेरीज जमली म्हणजे मोजताना चूक झालेली नाही.

तुमच्याकडे दोन बिघाड आहेत. पहिला अर्थचा. ०.३३ जास्त आहे. इंजिन ते बॉडी जाणारी जाळीची पट्टी आणि बॅटरी निगेटिव्ह ते गिअरबॉक्स जाणारी वायर, दोन्हींचे बोल्ट खोला, खालचा रंग आणि गंज घासून चकचकीत करा, घट्ट आवळा. जाळी हिरवी पडून ठिसूळ झाली असेल तर बदला. दोन टोकांमध्ये कुठे घट आहे ते तुकड्या-तुकड्याने मोजता येतं: अल्टरनेटरचं अंग ते इंजिन ब्लॉक, ब्लॉक ते बॉडी, बॉडी ते खांब. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटवर रंग मारलेला असेल तर घट तिथेच सापडते.

पण फक्त अर्थ दुरुस्त करून भागणार नाही. खुद्द अल्टरनेटरच्या अंगावरच १३.१५ निघतंय आणि रिपल ०.६२ आहे. म्हणजे डायोड. अर्थ मात्र आधी करा, मग ओझं आणि रिपल पुन्हा मोजा.

सौदामिनी

सहमत. उभ्या गाडीतला करंटही मोजा, तुमच्या मूळ तक्रारीचं उत्तर तिथे आहे.

मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात. बोनेटचं आणि दाराचं लॉक पेचकसाने बंद स्थितीत आणून ठेवा, म्हणजे गाडीला दारं बंद वाटतील. चावी गाडीपासून लांब. निगेटिव्ह वायर काढून तिच्या आणि खांबाच्या मध्ये मीटर. यानंतर ३०-४० मिनिटं थांबा, कारण ईसीयू आणि बाकीचे मोड्यूल झोपायला वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, दार उघडायचं नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. ५० मिलिअँपिअरच्या खाली आलं तर ठीक.

जास्त असेल तर मीटर काढा, निगेटिव्ह सुटी ठेवा, बी-प्लसचा नट काढून वायर बाजूला घ्या, टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. करंट पडला तर गळती अल्टरनेटरमधून आहे.

आणखी एक खूण: चावी काढलेली असताना अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ लोखंडी पेचकस धरा. चुंबकाने ओढल्यासारखा वाटला तर उभ्या गाडीत रोटरला करंट मिळतोय.

वाटसरू

अर्थची जाळी एका टोकाला अर्धी तुटलेली होती, बदलली. आता घट ०.०५. ओझ्यावर बॅटरीवर १२.९१, रिपल ०.६० म्हणजे जवळपास तेवढंच.

उभ्या गाडीत ४० मिनिटांनी ०.६१ अँपिअर. बी-प्लस सोडवल्यावर ०.०३. पेचकस मागच्या बाजूला हलका ओढला जातो, वायर काढल्यावर ती ओढ जवळपास जाते.

सौदामिनी

निदान पूर्ण झालं. ०.६१ अँपिअर गुणिले ४८ तास म्हणजे सुमारे २९ अँपिअर-तास. ४५ च्या बॅटरीतून तेवढं गेल्यावर सेल्फ टकटकच करणार. नवी बॅटरी टाकूनही फरक पडला नाही तो याचमुळे.

करंट जातो कसा तेही सांगते, म्हणजे पुढे दुरुस्ती करणाऱ्याशी बोलताना सोपं जाईल. पॉझिटिव्ह बाजूचा एक डायोड गळका झाला की बॅटरीचा करंट बी-प्लसमधून उलटा स्टेटरच्या, म्हणजे स्थिर भागाच्या, वेटोळ्यात शिरतो. तिथून अर्थला जायला निगेटिव्ह बाजूचे चांगले डायोड अडवतात. पण ज्या अल्टरनेटरमध्ये डी-प्लससाठी तीन छोटे वेगळे डायोड असतात तिथे त्याला ती वाट मिळते: स्टेटर, छोटे डायोड, रेग्युलेटर, रोटर, अर्थ. पेचकस ओढला गेला तो यातूनच. डायोड पूर्ण शॉर्ट झाला तर हाच करंट काही अँपिअरवर जातो, बॅटरी एका रात्रीत संपते आणि चावी काढल्यावरही दिवा मंद पेटलेला दिसू शकतो. ज्यांत हे तीन डायोड नसतात तिथे दोन्ही बाजूंचे डायोड गळल्याशिवाय अशी गळती होत नाही.

नुसत्या गळक्या डायोडने ओझ्यावरचं व्होल्टेज इतकं पडत नाही. पट्टीवर आणखी एखादा डायोड आतून तुटलेला (ओपन) सापडेल, किंवा एखाद्या फेजचं, म्हणजे स्टेटरच्या तीनपैकी एका वेटोळ्याचं, डाग दिलेलं टोक सुटलेलं असेल.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी उभी करताना निगेटिव्ह काढून ठेवा.

पाना_तेरा

आता दुरुस्ती की नवा? बेअरिंग, कार्बन-रेग्युलेटरचा संच आणि डायोडची पट्टी हे तिन्ही भाग सुटे मिळत असतील तर जुन्या चांगल्या कंपनीचा अल्टरनेटर उघडून दुरुस्त करणं मला नव्या अनोळखी नकलेपेक्षा जास्त पसंत आहे. फक्त स्टेटरचं वेटोळं जळलेलं असेल, वार्निश काळं पडून करपट वास येत असेल, तर पूर्ण बदला.

काढण्याआधी पट्टा कसा फिरवलाय त्याचा फोटो काढा. रेडिओला कोड लागत असेल तर तो हाताशी ठेवा. निगेटिव्ह पहिली काढा, शेवटी जोडा.

टेबलावर उघडल्यावर: कार्बन ज्यांवर टेकतात त्या रोटरच्या दोन स्लिप रिंगांमध्ये ओहम मोजा, साधारण २ ते ५ ओहम. अनंत दाखवलं तर वेटोळं तुटलं, एक ओहमच्याही खाली असेल तर शॉर्ट. मोजण्याआधी मीटरची टोकं एकमेकांना लावून किती दाखवतो ते बघा आणि वजा करा. रिंग ते शाफ्ट अनंतच हवं. स्टेटरची टोकं ते पत्रा, तिथेही अनंत. स्टेटरच्या तीन फेजमधला ओहम मात्र इतका कमी असतो की साध्या मीटरने त्यातला शॉर्ट कळत नाही, तिथे रंग आणि वासावर जा.

डायोड मीटरच्या डायोड-मापावर: एका बाजूने ०.४ ते ०.७, उलट्या बाजूने काहीच नाही. स्टेटरची टोकं पट्टीपासून सोडवूनच मोजा, नाहीतर एका डायोडचा दोष दुसऱ्यात दिसतो. गळका डायोड थंड असताना कधी कधी ठीक दाखवतो, म्हणून पट्टी ड्रायरने थोडी गरम करून पुन्हा तपासा.

कार्बन ५ मिलिमीटरपेक्षा कमी बाहेर असतील तर बदला, स्प्रिंगचा दाबही बघा. झिजलेल्या कार्बनची ओळख म्हणजे चार्जिंग येत-जात राहणं, आणि अल्टरनेटरवर लाकडाने हलकेच ठोकलं की थोडा वेळ चालू होणं. रिंगांवर खोल खड्डा पडला असेल तर नुसते कार्बन टाकून उपयोग नाही, ते लवकरच पुन्हा झिजतील. बेअरिंग हाताने फिरवून खरखर लागली तर दोन्ही बदला, नंबर सीलवर छापलेला असतो.

पुलीही बघा. बऱ्याच गाड्यांत एकेरी क्लचची पुली असते. रोटर धरून पुली फिरवली तर एका बाजूला अडते किंवा स्प्रिंगसारखी दबते, दुसऱ्या बाजूला सुटी फिरते. दोन्हीकडे अडली किंवा दोन्हीकडे सुटी फिरली तर ती गेली. दोन्हीकडे सुटी म्हणजे चार्जिंगच नाही, आणि अल्टरनेटर मात्र टेबलावर निर्दोष. ती काढायला आतल्या दातांचा खास सॉकेट लागतो, पाइप पान्याने खेचू नका.

डिझेलवाला

डिझेल गाडी असणाऱ्यांसाठी: काही डिझेल इंजिनांत ब्रेकसाठी लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे, त्याच शाफ्टवर असतो. त्याला इंजिन ऑइलची नळी येते. त्याचं सील गेलं की तेल अल्टरनेटरमध्ये शिरतं, कार्बन आणि रिंगा बरबटतात आणि चार्जिंग अधूनमधून जातं. तिथे नुसते कार्बन बदलणं म्हणजे तेच काम पुन्हा करणं. सील आधी, कार्बन नंतर. आणि असा अल्टरनेटर काढल्यानंतर ब्रेक पेडलची मदत पूर्ण येते की नाही हे गाडी हलवण्याआधी तपासा.

वाटसरू

उघडला. पॉझिटिव्ह पट्टीवरचा एक डायोड दोन्ही बाजूंनी वाहतो, त्याच्या शेजारचा कुठल्याच बाजूने नाही. रोटर ३.१ ओहम. कार्बन ६ मिलिमीटर. बेअरिंग मागचं खरखरतं. डायोडची पट्टी, कार्बनचा संच आणि दोन्ही बेअरिंग नवी टाकली.

आता ओझं नाही: १४.३०. पूर्ण ओझं, २००० आरपीएम: १३.९२. रिपल ०.०४. उभ्या गाडीत ०.०३ अँपिअर. दिवा पूर्ण विझतो, रेडिओची शिट्टी गेली. इंजिन चांगलं गरम झाल्यावर मात्र १४.३० चं १३.९५ होतं. हे ठीक आहे का?

तांब्याची तार

ठीक आहे. रेग्युलेटर तापमान वाढलं की व्होल्टेज मुद्दाम उतरवतो, गरम बॅटरीला जास्त व्होल्टेज सोसत नाही म्हणून. गरम इंजिनावर १३.८ च्या खाली जायला लागलं तरच पुन्हा बघा.

बी-प्लसचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा आणि रबरी टोपी परत चढवा. नट ढिला राहिला तर तिथे ठिणगी पडून खिळाच जळतो. फार आवळला तर खिळ्याखालचं प्लॅस्टिक तडकतं. काहीशे किलोमीटर चालल्यावर तिथली घट पूर्ण ओझ्यावर एकदा मोजा, ०.१२ च्या आसपासच राहायला हवी.

वाटसरू

बॅटरी इतक्या वेळा पूर्ण उतरली आहे, तिचं काय? अल्टरनेटर भरेल ना आता?

सौदामिनी

अल्टरनेटरवर सोडू नका. खोल उतरलेली बॅटरी जोडली की तो बराच वेळ जास्तीत जास्त करंट देत राहतो, आयडलला त्याचा पंखाही मंद फिरतो आणि नवीन डायोड पुन्हा तापतात. चार्जरने ४ अँपिअरवर पूर्ण भरा, रात्रभर सुटी ठेवा. १२.६ च्या वर टिकली आणि सेल्फ मारताना १० च्या खाली गेली नाही तर ठेवा. दोन-तीन दिवसांत नुसती ठेवूनच १२.४ च्या खाली येत असेल तर तिच्यात सल्फेट बसलंय, बदलावी लागेल.

घाटवळण

वाचनखूण साठवली. पाना_तेरा, त्या एकेरी पुलीचा दोष अल्टरनेटर न काढता ओळखता येतो का?

पाना_तेरा

येतो. इंजिन बंद करताना कान देऊन ऐका. एकेरी क्लचची चांगली पुली असेल तर पट्टा थांबल्यावरही रोटर क्षणभर फिरत राहतो, हलकी घरघर ऐकू येते. हे चालतं. तिथे कर्कश खरखर आली तर तिचं बेअरिंग गेलंय. आयडलला टेन्शनरचा हात सतत थरथरत असेल तर पुली जाम झाली आहे. बघताना टॉर्च वापरा, हात पट्ट्याजवळ नेऊ नका. अशी जाम पुली तशीच ठेवली तर इंजिनाचे धक्के थेट पट्ट्यावर आणि टेन्शनरवर जातात, आणि नवा पट्टाही लवकर खराब होतो.